दारिद्र्य : विधिलिखित की हिरावलेला हक्क?



थंडीच्या दिवसांत आपल्या घरी बाजरीची भाकरी होत असेल. हे धान्य आपल्या मातीत इतके रुळले आहे की ते बाहेरून आले असेल, अशी शंकाही येत नाही. वस्तुतः बाजरीची शेती हजारो वर्षांपूर्वी प्रथम झाली ती आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यात. त्याच पट्ट्यात नायजर हा देश आहे. तेथील शेतकरी आजही बाजरी, ज्वारी आणि चवळी पिकवितो, आपल्यासारखाच आभाळाकडे डोळे लावून बसतो आणि आपल्याच किब्ल्याकडे तोंड करून नमाज अदा करतो. या देशातील जवळजवळ सर्व प्रजा मुस्लिम आहे. आणि मानवी विकासाच्या जागतिक यादीत हा देश वर्षानुवर्षे अगदी तळाशी राहिला आहे.

असे का, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या ओठांवर तयार असते : ‘अल्लाहची मर्जी.’ हे उत्तर श्रद्धेचे वाटते. परंतु ते खरोखरच श्रद्धेचे आहे काय, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

निसर्ग तेथे कठोर आहे, यात शंका नाही. देशाचा बहुतांश भाग वाळवंट असून समुद्रकिनारा नाही. पाऊस जून ते सप्टेंबर एवढाच, आणि तोही बेभरवशाचा. २००४ साली अवर्षण झाले, त्यातच टोळधाड आली आणि २००५ मध्ये लाखो माणसांवर उपासमारीचे संकट कोसळले. येथवरची कथा निसर्गाची आहे. पुढची मात्र माणसांची आहे.

त्या वर्षी देशाच्या एकूण गरजेच्या मानाने धान्याची तूट फार मोठी नव्हती. बाजारात बाजरी होती. परंतु तिचा भाव गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला होता. दक्षिणेकडील नायजेरियातही भाव चढले होते आणि धान्य तिकडे जात होते. सरकारने आरंभी धान्य मोफत न वाटता सवलतीच्या दराने विकले. ज्याच्या हाती एक पैसाही नव्हता, त्याला त्या सवलतीचा उपयोग काय? सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, मुलांचे कुपोषण अत्यंत तीव्र होते ते मराडी या प्रांतात, जो देशाचे धान्याचे कोठार समजला जातो. तेथील बड्या व्यापाऱ्यांना लोक आदराने ‘अल-हाजी’ म्हणतात. ते सारेच साठेबाज होते, असा आरोप आपण करू शकत नाही. परंतु हज केलेल्या माणसांच्या गावी, भरलेल्या गोदामांच्या सावलीत लेकरे भुकेने सुकावीत, ही गोष्ट आपली झोप उडविण्यास पुरेशी आहे.

या चक्राची गती ध्यानात घ्या. गतवर्षीचे कर्ज फेडण्यासाठी शेतकरी सुगीतच धान्य विकतो. तेव्हा भाव पडलेले असतात. पावसाळा येईपर्यंत घरातील कणगी रिकामी होते आणि तेच धान्य त्याला चढ्या भावाने, पुन्हा कर्ज काढून घ्यावे लागते. मग शेळी विकली जाते, शेत गहाण पडते, घरातला कर्ता मजुरीसाठी परदेशाची वाट धरतो, मुलगा शाळेतून निघतो आणि मुलीचे लग्न लवकर उरकले जाते. नायजरमध्ये सुमारे तीन चतुर्थांश मुलींचे विवाह वयाच्या अठराव्या वर्षाआधी होतात. दारिद्र्याचा परिणामच अशा रीतीने पुढील पिढीच्या दारिद्र्याचे कारण बनतो.

भूगर्भातील संपत्तीचीही हीच गत. फ्रान्सच्या सत्तेतून ३ ऑगस्ट १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. १९७१ पासून उत्तरेतील आर्लिट येथे युरेनियमचे उत्पादन होऊ लागले. अनेक दशके त्या युरेनियमने फ्रान्सच्या अणुवीज केंद्रांना इंधन पुरविले. आणि ज्यांच्या भूमीतून ते निघाले, त्यांच्यापैकी पाचांतील चौघांच्या घरी आजही वीज नाही. दोष केवळ परकीयांचाही नाही. १९७४ साली दुष्काळात मदतीच्या धान्याचा अपहार झाल्याचे आरोप होत असतानाच लष्कराने सत्ता घेतली आणि त्यानंतर १९९६, १९९९, २०१० व २०२३ मध्येही सत्ता बंदुकीच्या बळावर बदलली.

आता पवित्र कुरआनकडे वळू या. सूरह यासीनमध्ये एका युक्तिवादाचा उल्लेख आहे : अल्लाहने इच्छिले असते तर त्यानेच ज्यांना खाऊ घातले असते, त्यांना आम्ही का खाऊ घालावे? वाचकहो, हा युक्तिवाद श्रद्धावंतांचा नाही, सत्य नाकारणाऱ्यांचा आहे. ‘अल्लाहची मर्जी’ असे म्हणून भुकेल्याकडे पाठ फिरवताना आपण कोणाचे शब्द उच्चारतो, याचे भान ठेवले पाहिजे. तकदीरवरील ईमान हे आपल्यावर आलेल्या संकटात धीर धरण्यासाठी आहे; दुसऱ्याच्या संकटात हात बांधून बसण्यासाठी नव्हे.

सूरह अज-जारियातमध्ये सदाचारी लोकांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘हक्क’ सांगितला आहे, उपकार नव्हे. संपत्ती केवळ धनवानांमध्येच फिरत राहू नये, हे सूरह अल-हश्रमध्ये स्पष्ट केले आहे. भाव चढावेत म्हणून धान्य दाबून ठेवणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अपराधी ठरविले आणि स्वतः दारिद्र्यापासून अल्लाहचा आश्रय मागितला. स्वेच्छेने स्वीकारलेला साधेपणा हा गुण आहे. लादलेली उपासमार हा गुण नव्हे. हिजरी १८ च्या भीषण दुष्काळात ह. उमर (रजि.) यांनी इतर प्रांतांतून धान्य मागविले, प्रजेला मिळेपर्यंत तूप खाणे सोडले आणि भुकेपोटी झालेल्या चोरीची शिक्षा स्थगित केली. प्रजेच्या भुकेचा जाब आपल्याला द्यावा लागेल, हे त्यांनी ओळखले होते.

हक्क परत मिळाला की काय घडते, याचे उदाहरणही नायजरनेच दिले आहे. शेतातील झाडे पूर्वी सरकारी मालकीची समजली जात. म्हणून शेतकऱ्याला ती जपण्यात रस नव्हता. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हे बंधन सैल होत गेले. शेतकऱ्यांनी जुन्या खुंटांना फुटलेले धुमारे तोडण्याऐवजी राखण्यास आरंभ केला. पुढील वीस वर्षांत मराडी आणि जिंदर या प्रांतांत सुमारे ५० लाख हेक्टर जमीन पुन्हा वृक्षांकित झाली. वाळवंट तेच होते, पाऊस तोच होता. बदलला तो हक्क.

म्हणून नायजरचा विचार करताना आपल्या उंबरठ्याकडेही पाहू या. आपली जकात हिशेबाने निघते, की रमजानमध्ये दारी आलेल्यांना सुट्टे पैसे देऊन आपण मोकळे होतो? आपल्या दुकानात टंचाईच्या काळात भाव चढण्याची वाट पाहिली जाते काय? वस्तीतील एखाद्या कुटुंबाला कर्जापायी सुगीतच धान्य विकावे लागू नये, मुलीची शाळा सुटू नये, एवढे बिनव्याजी कर्ज चार घरे मिळून देऊ शकणार नाहीत काय? ज्याचे आहे ते त्याच्याकडे पोहोचविणे, एवढेच आपले काम आहे; आणि त्याचाच हिशेब परलोकात होणार आहे.

अल्लाह आपणा सर्वांना दुसऱ्याचा हक्क ओळखण्याची आणि तो आनंदाने परत करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.