रस्ता सगळ्यांचा, मग भुर्दंड कोणाला?

1975च्या जूनपासून सिंगापूरच्या मध्यवर्ती भागात सकाळी गर्दीच्या वेळी मोटार न्यायची, तर काचेवर तीन डॉलरचा कागदी परवाना चिकटवावा लागे. नाक्यावरचे पहारेकरी तो नुसत्या नजरेने तपासत. मात्र गाडीत चौघे असले, की प्रवेश फुकट!

गर्दीत शिरणारी प्रत्येक गाडी मागच्यांचा वेळ खाते आणि त्याची भरपाई कोणालाच करत नाही. अशा नुकसानीवर कर लावावा, हा अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगूंचा विचार 1920चा. विल्यम विक्री यांनी तो पुढे शहरातल्या रस्त्यांना लावला. करील त्याने भरावे, हे नीतीलाही पटते.

पण ऐपतीचे काय? न्यूयॉर्कमध्ये जानेवारी 2025 पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शिरताना मोटारीला दिवसा नऊ डॉलर पडतात. बँकेतल्या बड्या साहेबाला ते जाणवतही नाहीत, मजुराला जड जातात. म्हणून कमी उत्पन्नाच्या नोंदणीकृत चालकांना महिन्यातल्या पहिल्या दहा फेऱ्यांनंतर दर निम्मा होतो, आणि मिळकत रेल्वे व बससाठी राखली आहे.

फुकटचा रस्ता तरी कुठे समान असतो? तिथे पैशाऐवजी वेळ मोजावा लागतो, आणि रोजंदारीवाल्याचा खाडा साहेबाच्या उशिरापेक्षा महाग पडतो.

स्टॉकहोमने 2006 मध्ये आधी काही महिने आकारणी करून पाहिली, मग मतदान घेतले. आधी नाके मुरडणाऱ्या शहराने निसटत्या बहुमताने होकार दिला. शेजारच्या ज्या पालिकांनी वेगळे मतदान घेतले, त्यांतल्या बहुतेकांचा कौल विरोधात गेला. तरी ऑगस्ट 2007 पासून आकारणी कायम झाली.