माईचे तानपुरे

रायपूरकडून राजनांदगाव ओलांडून खैरागडला गेले, की तेथील राजवाड्यात विद्यार्थी तानपुरे लावताना दिसतात. राजे वीरेंद्रबहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपल्या अकाली निवर्तलेल्या इंदिरा या कन्येच्या स्मरणार्थ ही वास्तू संगीताला देऊन टाकली, आणि १९५६ साली तेथे संगीत विद्यापीठ उभे राहिले. पुढे आचार्य रातंजनकरांसारखा अधिकारी पुरुष त्याचा कुलगुरू झाला. गेलेल्या लेकीचे स्मरण आईबापांनी सुरांनी करावे, यातील भाव समजावून सांगावा लागत नाही. उलट दिशेचा प्रश्न मात्र तितका सरळ नाही. जी आई स्वतःच संगीताला वाहिलेली होती, तिचे स्मरण लेकीने कसे करावे? तिने दिले तसेच जपून, की त्यात आपले मिसळून?

हा प्रश्न मनात आला, की मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर या मायलेकींकडे वळणे अपरिहार्य होते. मोगूबाईंचा जन्म १९०४ सालचा, पोर्तुगीज अमलातील गोव्यातल्या कुर्डी गावचा. आई जयश्रीबाई लवकर गेली. नाटक मंडळीत उमेदवारी, मग सांगली, तेथे अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, आणि खाँसाहेब मुंबईस गेले म्हणून १९२२ मध्ये मुंबई. नातलगांच्या आधाराने माणसे गाव सोडतात. ही मुलगी एका गायकीच्या मागे परमुलखात आली. तेथेही विद्या सुखासुखी मिळाली नाही. मध्ये खंड पडला, तेव्हा आग्रा घराण्याकडून त्या शिकल्या, हैदरखाँसाहेबांकडे शिकल्या, आणि १९३४ साली खाँसाहेबांचा गंडा हातात बांधला गेला. पती लवकर निवर्तले. तीन मुले पदरी. गाणे सुटले नाही.

किशोरीताईंनी आपल्या मुलाखतींतून ज्या माईचे चित्र उभे केले, ती लाड करणारी आई नव्हे. बंदिशीची ओळ माई मोजक्याच वेळा म्हणत. तेवढ्यात ती गळ्यात उतरली पाहिजे. मैफिलीसाठी दौऱ्यावर निघालेल्या आईमागे तानपुरा घेऊन बसणाऱ्या या मुलीने आणखी एक गोष्ट पाहिली: कलावतीला दिली जाणारी हलकी वागणूक, तुटपुंजी बिदागी, आणि त्यावर माईचे मौन. पुढे किशोरीताईंच्या अटींविषयी आणि करारीपणाविषयी पुष्कळ कुजबुज झाली. मला तो करारीपणा आईच्या अपमानाचा उशिरा चुकता केलेला हिशेब वाटतो.

येथे थोडे थांबले पाहिजे. कठोर गुरूची, कठोर आईची आपण जी स्तुती करतो, ती बहुधा शिष्य मोठा झाल्यानंतर करतो. त्याच कठोरपणाने जी मुले मिटून गेली, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. म्हणून किशोरीताईंच्या यशावरून माईच्या शिस्तीला निर्दोष ठरविणे मला न्याय्य वाटत नाही. ‘गीत गाया पत्थरों ने’ या १९६४ सालच्या चित्रपटासाठी मुलगी गायली, तेव्हा पुन्हा असे गाशील तर माझ्या तानपुऱ्यांना हात लावायचा नाही, असे माईंनी बजावल्याचे किशोरीताई सांगत. आई म्हणून हे बोलणे जिव्हारी लागणारे आहे. गुरू म्हणून ते समजू शकते. आणि बोलणारी व्यक्ती एकच आहे, ही खरी अडचण.

धारवाडच्या अंबाबाईंची गोष्ट यापुढे ठेवून पाहावी. गंगूबाई हनगल यांच्या या आई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. मुलीच्या हिंदुस्थानी गाण्यात आपल्या स्वरांची छाया पडू नये, म्हणून त्यांनी स्वतःचे गाणेच थांबविले. या त्यागापुढे आपले मन चटकन नमते. आईने विझावे आणि मूल उजळावे, ही प्रतिमा आपल्याला फार प्रिय आहे. जरा अधिकच प्रिय आहे, असे मला वाटते. मोगूबाई विझल्या नाहीत. त्या गात राहिल्या, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६८ मध्ये आणि पद्मभूषण १९७४ मध्ये त्यांना मिळाले, आणि मुलीला आईच्या सावलीतच नव्हे तर आईच्या तुलनेतही वाढावे लागले. मौनाचे ऋण मनात ठेवता येते. गाणाऱ्या आईचे ऋण मैफिलीत, जाणत्यांच्या कानांसमोर फेडावे लागते.

किशोरीताईंनी ते कसे फेडले, यावर मतभेद आहेत. जयपूर गायकीची घट्ट, लयीला बिलगून चालणारी वीण त्यांनी सैल केली, आलापाला अवकाश दिला, रागाच्या भावाला नियमाच्या पुढे बसविले. घराण्याचा अभिमान असणाऱ्यांना ही कृतघ्नता वाटली. परंतु मुलीला अंजनीबाई मालपेकरांसारख्या अन्य परंपरेतील गुरूंची तालीम मिळाली, त्यामागे माईच होत्या. त्यांनी स्वतःही घराण्याबाहेर विद्या घेतली होती. दार आईने उघडे ठेवले आणि मुलगी त्यातून बाहेर पडली, याला द्रोह म्हणावयाचे तर तो द्रोह आईच्या संमतीने झाला आहे. तरीही माईंना त्या नव्या गाण्यात सारेच पटले असेल, असे मी म्हणणार नाही. पटणे हा स्मरणाचा निकष मानला, तर सर्वांत उत्तम पुत्र किंवा कन्या म्हणजे ध्वनिमुद्रिका ठरेल.

मोगूबाई २००१ साली गेल्या, किशोरीताई २०१७ साली. कुर्डी गाव त्याआधीच साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले होते. मे महिन्यात पाणी ओसरले, की जोत्याचे दगड आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते. विस्थापित झालेली कुटुंबे त्या दिवसांत तेथे जमतात, पूजा करतात, आणि आपापल्या घराची जागा मुलांना दाखवितात. मोगूबाईंच्या घराची जागाही त्यांतच आहे. पावसाळा आला, की सारे पुन्हा पाण्याखाली जाते.