एका सकाळचं रक्त

दार लोटून घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या. ज्या हातातून रक्त घेतलं, तो हात मांडीवर उताणा ठेवा. कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा दाबून धरला होता, तिथे कदाचित अजून निळसर डाग असेल. त्यावर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवा. रिपोर्टची घडी उघडू नका अजून.

श्वास आत. सावकाश बाहेर.

एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरच्या बाकावर माणसं एकमेकांना हळूच विचारतात, 'तुझे किती आले?' दहावीच्या निकालाला विचारतात तसंच. सीडीफोर वाढला की चेहरा खुलतो. कमी झाला की मान खाली जाते, जणू आपल्याच हातून काही घडलं. ती खाली गेलेली मान मला फार लागते. म्हणून कागद उघडण्याआधी, तो आकडा कुठून आला ते बघू या.

डोळे मिटा. जांभळ्या टोपणाची ती नळी आठवा. आत रक्त गोठू न देणारं औषध असतं. सीडीफोरसाठी पेशी शाबूत लागतात, म्हणून ती नळी फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, साध्या तापमानातच लॅबमध्ये नेतात. तिथे चमकणारा रंग लावलेली प्रतिद्रव्यं त्या पेशींना चिकटवतात आणि मग दर्शनबारीत माणसं सरकावीत तशा पेशी एकामागून एक लेझरच्या उजेडापुढून जातात. जिच्या अंगावर तो रंग उजळला, ती मोजली जाते.

सीडीफोर हे त्या पेशीच्या अंगावरच्या एका प्रथिनाचं नाव. ही पेशी हाक मारणारी. जंतू आला की बाकीच्यांना उठवायचं, कामाला लावायचं, हे तिचं काम. एचआयव्ही नेमका त्याच प्रथिनाला धरून तिच्या आत शिरतो. म्हणजे गावात दवंडी देणाऱ्यालाच आधी गाठायचं, तसं. इथे क्षणभर थांबा. तुमच्या शरीरात आत्ताही अशा हाका चालू आहेत. त्या ऐकू येत नाहीत, पण काल बोटाला कापलेली जागा आज मिटत आली असेल, तर त्यात त्यांचाही हात आहे.

कागदावरची संख्या एक घन मिलिमीटर रक्तातली असते. मोहरीच्या बारीक दाण्याएवढा थेंब. निरोगी प्रौढ माणसात त्यात साधारण ५०० ते १५०० सीडीफोर पेशी असतात. आणि आता जी गोष्ट सांगतो, तिच्यापाशी जरा जास्त वेळ बसा. या जातीच्या पांढऱ्या पेशींपैकी शंभरातल्या जेमतेम दोन रक्तात असतात. बाकीच्या लसिकाग्रंथींत, प्लीहेत, आतड्यांच्या अस्तरात. म्हणजे त्या सकाळी रस्त्यावर जे होते, त्यांचीच मोजदाद झाली. घराघरांत जे बसले होते, त्यांना कुणी विचारलंच नाही.

आणि रस्त्यावरची गर्दी तासातासाला बदलते. सकाळी सीडीफोर कमी भरतो, संध्याकाळी जास्त. नुकताच ताप येऊन गेला, सर्दी झाली, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, तरी तो खाली येतो. काहीही बिघडलेलं नसताना एकाच माणसाच्या दोन तपासण्यांत वीस-तीस टक्क्यांचा फरक पडू शकतो. गेल्या वेळचे ४२० या वेळी ३५० झाले, एवढ्यावरून रात्र जागून काढू नका. दोन-तीन रिपोर्ट शेजारी मांडून वाट चढाची आहे की उताराची ते बघायचं.

मनाला विचारा: रक्त दिलं त्या आठवड्यात मी कसा होतो, कशी होते? उत्तर आलं तर येऊ द्या. नाही आलं तरी चालेल.

एक काळ असा होता की हा आकडाच गोळ्या मिळणार की नाही ते ठरवायचा. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत एआरटी सुरू केली, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या काही केंद्रांत होतं. तेव्हा काउंट ठरलेल्या रेघेखाली जाईपर्यंत वाट पाहावी लागे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती रेघ २०० वरून ३५० वर, मग ५०० वर नेली आणि २०१५ मध्ये पुसूनच टाकली. भारतात २०१७ पासून निदान झालं की औषध, काउंट कितीही असो. उलट बाजूही तपासून झाली आहे. काउंट चांगला आहे म्हणून गोळ्या थांबवून बघितलेल्यांमध्ये आजार आणि मृत्यू जास्त झाले, हे २००६ च्या 'स्मार्ट' अभ्यासात दिसलं. चांगला सीडीफोर हे गोळ्यांचंच काम आहे. त्याला सुट्टीची चिठ्ठी समजू नका.

पुन्हा श्वास. आत, बाहेर.

दुसरा आकडा व्हायरल लोडचा. एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती आहेत, ते तो सांगतो. गोळ्या लागू पडत आहेत का, हे सीडीफोरपेक्षा त्यावरून लवकर कळतं. उपचार सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्ष झाल्यावर, पुढे वर्षातून एकदा ही तपासणी होते. हजाराच्या वर आला, तर समुपदेशक आधी गोळ्यांबद्दल विचारतील. घाबरून खोटं बोलू नका, कारण चुकलेली गोळी समजली तरच पुढचं औषध नीट ठरतं. 'आढळला नाही' असं लिहिलं असेल, तर विषाणू मशीनला सापडेल एवढाही रक्तात नाही. काही पेशींत तो झोपलेला असतो, म्हणून गोळी रोज. पण विषाणू असा दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचाराने लागण किती रोखता येते, हे दाखवणाऱ्या २०११ च्या मोठ्या अभ्यासात पुण्यातली जोडपीही होती. कोण होती ते आपल्याला माहीत नाही. त्यांच्याही कोपरात असाच कापूस दाबलेला असेल. त्यांची आठवण मनात थोडी धरून ठेवा.

आता कागद उघडा. आधी तारीख वाचा, मग दोन्ही आकडे.

सीडीफोर २०० च्या खाली असेल, तर मी गोड बोलून तो झाकणार नाही. अशा वेळी टीबी आणि न्यूमोनियासारखे आजार गाठू शकतात. डॉक्टरांनी आणखी एखादी प्रतिबंधक गोळी दिली असेल, तर ती यासाठीच. खोकला, ताप, घटणारं वजन अंगावर काढू नका, आणि पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ज्यांचा उपचार उशिरा सुरू झाला, त्यांच्या पेशी सावकाश वाढतात. व्हायरल लोड दबलेला असूनही काहींचा काउंट वर्षानुवर्षं रेंगाळतो. त्यात त्यांचा दोष नसतो.

मागचा रिपोर्ट काढून याच्या शेजारी ठेवा. दोन सकाळी, दोन थेंब. थोडा वेळ नुसतं बघत राहा.

घड्याळात किती वाजले? गोळीची वेळ होत आली असेल, तर उठा. माठातलं पाणी घ्या.