रिवासच्या ड्यूकविषयी

चि. सानिका,


स्पॅनिशमध्ये आधी काय वाचू, असं तू विचारलंस. सेर्वांतेसचं नाव कुणीही सांगेल. मी आंखेल दे सावेद्रा, म्हणजे रिवासचा ड्यूक, याचं ‘डॉन आल्व्हारो’ हे नाटक सुचवतो. पण आधी त्याचं आयुष्य ऐक, त्यावाचून त्या नाटकातलं धाडस ध्यानात येत नाही.

जन्म १७९१चा, कोर्दोबातला. बड्या उमराव घराण्यातला धाकटा मुलगा, त्यामुळे पदवी थोरल्या भावाकडे. नेपोलियनच्या फौजेशी लढताना १८०९ मध्ये ओंतीगोलाला तो इतका घायाळ झाला की मेला समजून त्याला रणांगणातच टाकून गेले. वय अठरा! पुढे तो संसदेत गेला आणि १८२३ मध्ये राजा फेर्नांदोला कारभारातून दूर करण्याच्या बाजूने मत दिलं. राजाची निरंकुश सत्ता परतली, तेव्हा त्याला देहदंड फर्मावला गेला, मालमत्ता जप्त झाली. तोवर तो निसटला होता.

लंडनहून तो माल्टाला आला आणि तिथे पाच वर्षं राहिला. त्याआधीची त्याची नाटकं फ्रेंच नियमांच्या चौकटीतली, मला तरी निर्जीव वाटतात. माल्टात त्याला जॉन हुकहॅम फ्रियर हा जुना ब्रिटिश राजदूत भेटला. (मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियर हा त्याचा सख्खा पुतण्या.) त्याने सावेद्राला शेक्सपिअर, स्कॉट, बायरन वाचायला लावले आणि त्याच्याच देशातल्या लोपे दे वेगाकडेही वळवलं. परक्याच्या घरी बसून स्वतःचं साहित्य नव्याने वाचणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. नंतर फ्रान्समध्ये, ओर्लेआंला, उमरावाच्या या मुलाने चित्रकला शिकवून संसार चालवला.

राजा वारल्यावर १८३४ मध्ये तो मायदेशी परतला. त्याच वर्षी भाऊ गेला आणि हा ड्यूक झाला. २२ मार्च १८३५ला माद्रिदमध्ये नाटक रंगमंचावर आलं. पडदा उघडतो तो सेव्हियातल्या पुलाजवळच्या पाणी विकणाऱ्याच्या टपरीवर. जिप्सी मुलगी, गावातले रिकामटेकडे लोक नायकाविषयी बोलत असतात, तेही साध्या गद्यात. पद्य नंतर येतं. कुळ ठाऊक नाही म्हणून एक मार्किस, म्हणजे बडा उमराव, आल्व्हारोला मुलगी देत नाही. आल्व्हारो शरण जाण्यासाठी पिस्तूल खाली फेकतो, ते उडतं आणि मार्किसच मरतो. मग घराण्याच्या अब्रूपायी एकेक जीव जात राहतो. कुलाभिमानाचा हा निकाल नुकताच ड्यूक झालेला माणूस रंगमंचावर आणतो! व्हेर्दीने १८६२ मध्ये याच कथेवर ऑपेरा केला.

पुढे तो नेपल्सला राजदूत होता. पुढे कादंबरीकार झालेल्या हुआन व्हालेराने तरुणपणी मुत्सद्देगिरीचे पहिले धडे तिथेच, त्याच्या हाताखाली गिरवले.

आता मला खुपणारी गोष्ट. जुलै १८५४ मध्ये माद्रिद उठावाने पेटलं असताना तो जेमतेम दोन दिवस पंतप्रधान झाला. सैन्याने लोकांवर गोळ्या झाडल्या. लोकांनी त्या सरकारला ‘छर्ऱ्यांचं मंत्रिमंडळ’ म्हटलं. टपरीवरच्या माणसांना रंगमंचावर आणणारा तोच हा. त्याचं वय झालं होतं, असं म्हणून मला ते सोडून देता येत नाही. नाटक मात्र तरीही थोरच आहे.

पहिला अंक संपला की लिही. मार्किसच्या मरणाचा दोष तू कुणाला देतेस, ते मला वाचायचं आहे.

तुझा,
काका