सुटका कोणाचं काम?

पावसाळ्यात कुठे दरड कोसळली, पुरात कुणी अडकलं, की दुसऱ्या दिवशी ‘देवदूत धावले’ असे मथळे येतात. मग सत्कार, शाल-श्रीफळ, नेत्यांसोबत फोटो. जवानांच्या कर्तबगारीबद्दल शंकाच नाही. पण या जयजयकारात, ते पोचेपर्यंत इतका वेळ का गेला, हा प्रश्न सोयीस्करपणे बाजूला पडतो. सुटका हे शौर्याचं दान ठरलं, की उशिराचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही.

समुद्रावर ही समजूत टायटॅनिकने मोडली. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाचा वायरलेसवाला झोपायला गेला होता, बुडत्या जहाजाची हाक त्याने ऐकलीच नाही. म्हणून १९१४च्या आंतरराष्ट्रीय करारात वायरलेसवर सतत पहारा ठेवण्याची कलमं आली. इथवर फारसा वाद नाही. वाद आहे तो १९२८चा, कारण ती गोष्ट आपण सगळेच चुकीची वाचतो.

इटालियन सेनापती नोबिलेचं ‘इटालिया’ हवाईजहाज उत्तर ध्रुवावरून परतताना २५ मे रोजी बर्फावर आदळलं. सोळांपैकी दहा जण खाली फेकले गेले, त्यातला एक तिथेच गेला. उरलेले सहा फुग्यासोबत उडाले ते कायमचेच. इटली, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, फ्रान्स, रशिया, सगळे शोधाला निघाले. नोबिलेशी असलेलं जुनं वैर विसरून नॉर्वेचा ध्रुवसंशोधक अमुंडसन फ्रेंच विमानातून गेला आणि पाच साथीदारांसह बेपत्ता झाला. २३ जूनला स्वीडिश वैमानिक लुंडबोर्गने आधी नोबिलेलाच उचललं. बस्स, अमुंडसन वीर आणि माणसं सोडून पळालेला नोबिले भ्याड, असा निकाल लागला.

पण जरा जवळून पाहा. बर्फावरच्या तंबूतला वायरलेसवाला बियाजी छोट्या वायरलेसवर रोज हाका मारत होता. किंग्ज बेमध्ये मदतनौका ‘चित्ता दि मिलानो’ उभी होती. तिचा वायरलेस इतर तारांमध्ये गुंतलेला. हाक ऐकली ती ३ जूनला, दूरवरच्या एका रशियन खेड्यात, घरी जोडलेल्या रिसीव्हरवर निकोलाय श्मिट नावाच्या तरुणाने. त्याचं काम नसताना! आणि नोबिलेचा पाय मोडलेला होता. जास्त जखमी साथीदार चेचिओनीला आधी न्या, असं तो सांगत होता. लुंडबोर्ग मात्र अडून बसला: शोधाची दिशा सांगायला सेनापतीच हवा. कारण सहा देश धावले, पण सगळ्यांना हाकणारा एकही नव्हता. नोबिले नौकेवर पोचला तर तिथे त्याला जवळजवळ नजरकैदेत ठेवलं. शेवटी १२ जुलैला रशियन बर्फफोड्या ‘क्रासिन’ने उरलेल्यांना उचललं, तेही वैमानिक चुखनोव्स्कीच्या वायरलेस-संदेशांच्या आधाराने.

म्हणजे १९२८ने शिकवलं ते त्यागाचं महत्त्व नव्हे. ऐकणारा नेमलेला हवा आणि हाकणारा एक हवा, हे शिकवलं. हा धडा वीरकथेखाली दबला. स्मारकं अमुंडसनची झाली. श्मिटला पुढे स्टालिनच्या राजवटीत गोळी घातली गेली. तरी १९४४च्या शिकागो करारानंतरच्या विमानवाहतुकीच्या नियमांत आणि १९७९च्या हॅम्बर्ग करारात सुटकेची समन्वय केंद्रं आली. आपल्याकडे १९९३च्या किल्लारीच्या भूकंपाने महाराष्ट्राला आपत्ती नियोजन शिकवलं, २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, त्याखाली एनडीआरएफ उभं राहिलं.

काम आधीच नेमून देण्याचं हे महत्त्व बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमात पटवून द्यावं लागू नये. विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला इथे लाखाच्या पंगती बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून ओळींपर्यंत जाते. वाढणारा कुठल्या ओळीला आहे, हे आधीच ठरलेलं असतं. म्हणून कुणी उपाशी उठत नाही आणि वाढप्याचा कुणी सत्कारही करत नाही. आश्रमाचे संस्थापक शुकदास महाराजांनी सेवेला लावलेली ही शिस्त आहे. ज्या विवेकानंदांच्या नावाने हा आश्रम आहे, त्यांच्या गुरुबंधूंनी १८९७मध्ये मुर्शिदाबादच्या दुष्काळात भुकेल्यांना मदत पोचवली ती शिस्तीनेच, नुसत्या कळवळ्याने नव्हे.

शासनाला मात्र देवदूत परवडतात. जुलै २०२३मध्ये रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर रस्ता नाही, जेसीबी चढेना, माणसं हाताने माती उपसत राहिली. चौथ्या दिवशी शोध थांबला, सत्तावन्न जण मातीतच राहिले. आणि दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच, हे सरकारनेच सांगितलं. यादीत नसलेल्या वाडीची हाक ऐकायला कोण बसणार?

तालुक्याच्या नियंत्रण कक्षात रात्री फोन उचलणारा माणूस, त्याचा चालू वायरलेस आणि त्याच्यासमोरची वाडीवार यादी, यांवर सुटकेचं निम्मं काम दरड कोसळण्याआधीच ठरतं. अंदाजपत्रकात पैसा तिथे जातो की नाही, हे विचारण्याचा हक्क मातीखालच्या माणसाला नसतो. तो आपल्याला आहे, आणि टाळ्या वाजवून आपण तो सोडून देतो.