पाचव्या दिवसाचा आशीर्वाद



आपल्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारे पाणी पाहायचे तर आपण लोणारला जातो आणि उल्केच्या आघाताने झालेल्या त्या सरोवराच्या काठी उभे राहून मुलांना सांगतो की समुद्राचे पाणीही असेच खारट असते. आपल्यातील कित्येक वडीलधाऱ्यांनी समुद्र पाहिलाही नसेल. समुद्राची आपली ओळख म्हणजे आठवडी बाजारातले सुके बोंबील. तरीही ह्या रविवारी आपण मनाने समुद्राच्या तळाशी जाऊ या, कारण धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलीने विचारलेला प्रश्न आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. निर्मितीचा धडा चालू असताना तिने विचारले, "ज्या मासोळ्या खोल पाण्यात राहतात आणि कोणालाच दिसत नाहीत, त्या देवाने कशासाठी बनवल्या?"

घरी गेल्यावर उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा वाचून पाहा. प्रकाश झाला, आकाश झाले, कोरडी जमीन व झाडेझुडपे झाली, सूर्यचंद्र झाले. देवाला ते चांगले दिसले. परंतु 'आशीर्वाद' हा शब्द अजून आलेला नाही. तो पहिल्यांदा येतो पाचव्या दिवशी, आणि तो मिळतो जलचरांना व पाखरांना. मानव त्या वेळी निर्माणच व्हायचा होता. त्या मासोळ्या पकडणारा, विकणारा, खाणारा कोणीही नव्हता. फलद्रूप होऊन पाणी भरून टाकण्याचा आशीर्वाद त्यांना आपल्याही आधी मिळाला. मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

आता कोकणात जाऊ या. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटर खुल्या समुद्रात पाण्याखाली एक मोठे पठार आहे. दर्यावर्दी सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांच्या नावावरून त्याला 'आंग्रिया बँक' म्हणतात. ते उत्तर-दक्षिण सुमारे ४० किलोमीटर लांब आहे. त्याचा सर्वांत वरचा भागही पाण्याखाली सुमारे २० मीटर आहे, म्हणून होडीतून जाणाऱ्याला तिथे फक्त लाटा दिसतात. पण पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरणाऱ्या पाणबुड्याला तिथे प्रवाळांची बाग दिसते. एवढ्या लांब जाणे ज्यांना जमत नाही, ते मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांवर उतरतात. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे.

प्रवाळ हा दिसायला दगड, पण तो दगड नव्हे. दाण्याएवढे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या अंगाभोवती चुन्याचे घर बांधतात. एक पिढी जाते, तिच्या घरावर दुसरी पिढी घर बांधते. अशा रीतीने हजारो वर्षांत खडक उभा राहतो. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग ह्या खडकांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातील सुमारे पाव जाती आपल्या आयुष्यात केव्हातरी ह्या खडकांचा आसरा घेतात.

प्रवाळांच्या खडकांवर पाणबुड्यांना काय काय भेटते? पोपटाच्या चोचीसारखे दात असलेला पोपटमासा खडकावरचे शेवाळ खरवडत असतो. ते तसेच वाढले तर प्रवाळ गुदमरून मरेल. समुद्रफुलाच्या विषारी बोटांमध्ये केशरी-पांढऱ्या पट्ट्यांची मासोळी निर्धास्त राहते, आणि त्या आसऱ्याच्या बदल्यात समुद्रफुलाला खायला येणाऱ्यांना हुसकावून लावते. खडकाच्या कपारीतून सापासारखी वाम डोके बाहेर काढते आणि तोंड उघडते, मिटते, पुन्हा उघडते. नवख्या पाणबुड्याला वाटते की ही आता चावणार. प्रत्यक्षात ती केवळ श्वास घेत असते. आपणही कितीदा दुसऱ्याचे तोंड पाहूनच त्याच्या मनाचा निवाडा करून टाकतो!

आणखी एक दृश्य पाणबुडे आवर्जून सांगतात. बोटाएवढी एक लहानशी निळ्या अंगाची, काळ्या पट्ट्याची मासोळी खडकाजवळ ठरावीक जागी थांबलेली असते. मोठमोठे शिकारी मासे तिच्यापुढे येऊन स्थिर होतात आणि जबडा उघडतात. ती आत शिरून त्यांच्या दातांतील घाण व कल्ल्यांवरील किडे खाऊन टाकते आणि सुखरूप बाहेर येते. तिला पोट भरायला मिळते, त्यांना आरोग्य मिळते. ज्याच्या जबड्यात ताकद आहे तो ती आवरतो आणि दुबळ्याकडून सेवा स्वीकारतो. पाय धुऊन घ्यायला आधी नकार देणाऱ्या पेत्राची आपल्याला आठवण व्हावी, असेच हे दृश्य आहे.

नशीब थोर असेल तर खुल्या पाण्यात व्हेल शार्कही दिसतो. तो जगातील सर्वांत मोठा मासा. एसटी बसएवढा लांब वाढतो, पण तोंड उघडून पाण्यातील सूक्ष्म जीव व बारीक मासोळ्या गाळून खातो. माणसाला इजा करीत नाही. समुद्री कासव येते, थोडा वेळ चरते आणि श्वास घ्यायला सावकाश वर जाते. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी शिकवले आहे की देवाचा चांगुलपणा एवढा मोठा आहे की एकाच प्राण्यातून तो पूर्ण व्यक्त होऊ शकत नाही, म्हणून देवाने अनेक प्रकारचे जीव घडवले. एकात जे उणे पडते ते दुसरा भरून काढतो. म्हणजे एक जात नष्ट झाली की देवाविषयी बोलणारा एक आवाज कायमचा थांबतो. मुलीच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर हे आहे.

बंधुभगिनींनो, आज ही बाग आजारी आहे. प्रवाळाच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. तेच त्याला अन्न व रंग देते. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंशही अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर उपाशी मरतो. २०२३ साली सुरू झालेल्या उष्णतेच्या लाटेत जगातील प्रवाळक्षेत्रापैकी सुमारे ८४ टक्के भागाला अशा तापाची झळ पोहोचली. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात हेच दुःख मांडले होते. रंगांनी व जिवांनी भरलेल्या समुद्राची स्मशानभूमी कोणी केली, हा फिलिपाइन्सच्या बिशपांचा प्रश्न त्यांनी साऱ्या ख्रिस्तसभेपुढे ठेवला.

इथे आपल्यातील एखादा शेतकरी बांधव म्हणेल, "फादर, कापसाला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेले, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे. आम्ही आमची काळजी करायची की शेकडो किलोमीटर दूरच्या मासोळ्यांची?" हा प्रश्न रास्त आहे. आम्ही तो झटकून टाकणार नाही. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला निसर्गप्रेम शिकवणे हे शुभवर्तमान नव्हे.

पण ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याइतक्याच गरीब माणसांनी दिलेले आहे. कोकणातील मच्छीमाराच्या जाळ्यात कधीकधी व्हेल शार्क किंवा कासव अडकते. हे प्राणी कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना जिवंत सोडायचे तर पुष्कळदा जाळे कापावे लागते. जाळे म्हणजे त्याचे शेत, त्याची बैलजोडी. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासन अशा मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत नुकसानभरपाई देते. त्यासाठी सुटकेचे फोटो पाठवावे लागतात. परंतु सुरी चालवण्याची घटका आधी येते, पैसे मागाहून येतात. त्या घटकेला होडीत तो असतो, तो प्राणी असतो आणि देव असतो. तरीही अनेकांनी जाळे कापले आहे.

प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्याला समुद्रात टाकलेल्या जाळ्याची उपमा दिली. किनाऱ्यावर ओढून आणायचे ते जाळे मालवणी रापणीसारखेच. माणसे काठावर बसून चांगले ते भांड्यात भरतात आणि वाईट ते फेकून देतात. ही निवड शेवटच्या दिवशी देवदूत करतील, असे प्रभू सांगतो. पण जाळे कापणारा मच्छीमार आपल्याला दाखवतो की एक निवड आजच, आपल्याच हातांनी करायची असते. काय ओढून घ्यायचे आणि काय सोडून द्यायचे?

आणि दूर म्हणावे, तर समुद्र आपल्यापासून खरोखर तेवढा दूर आहे का? आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागातील पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा वर्धेला मिळते, आणि ते पाणी पुढे प्राणहिता व गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. एकाच जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना! पूर्णेत टाकलेली पिशवी थेट आंग्रिया बँकेवर जाऊन पडेल असे आम्ही म्हणत नाही. पण नाल्यात धुतलेला औषधाचा पंप, बांधावरून वाहून गेलेले जादा खत, मिस्सानंतरच्या जेवणातील प्लास्टिकचे पेले, हे सारे उताराने जाते, आणि उताराच्या शेवटी समुद्र असतो. खताच्या पाण्याने शेवाळ माजते. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिश वाटते आणि ते ती गिळते. प्रवाळाला तापवणारी उष्णता तरी कुठून येते? जो कोळसा व जे तेल जाळून ती वाढते, तेच आपल्या शेतावरील पावसाचे वेळापत्रकही बिघडवत आहे. म्हणजे प्रवाळ आणि शेतकरी हे एकाच संकटात सापडलेले शेजारी आहेत. एकाची काळजी घेणे म्हणजे दुसऱ्याला विसरणे नव्हे.

पादुआच्या संत अंतोनीची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. रिमिनी शहरातील लोक त्याचे प्रवचन ऐकेनात. तेव्हा तो पाण्याच्या काठी गेला आणि मासोळ्यांना उपदेश करू लागला. लहान पुढे, मोठ्या मागे अशा रांगा करून मासोळ्यांनी पाण्यावर डोकी काढली आणि शांतपणे ऐकून घेतले. लोकांना स्वतःची लाज वाटली. आज वेळ उलटी आली आहे. मासोळ्या बोलत आहेत, पांढरे पडलेले प्रवाळ बोलत आहेत, आणि ऐकायचे आपण आहोत.

म्हणून ह्या आठवड्यात तीन लहान गोष्टी करू या. धर्मग्रामाच्या जेवणाला घरून स्टीलचे ताट-पेला आणू या. उरलेले पेले धुण्याचे काम युवकांनी घ्यावे. फवारणीचा पंप व औषधाच्या बाटल्या नदी-नाल्यात, विहिरीजवळ धुवायच्या नाहीत, हे शेतकरी बांधवांनी आपसांत ठरवावे. आणि रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत मुलांनी अशा एका जिवाचे नाव घ्यावे, ज्याला त्यांनी कधीच पाहिलेले नाही. त्यातून न दिसणाऱ्यांची आठवण ठेवण्याची सवय लागते. ज्याला ती सवय लागली त्याला गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारीही दिसू लागते, आणि ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मागे राहिलेली लेकरेही.

प्रार्थना करू या : हे प्रभो, ज्या खोल पाण्यात आमची नजर पोहोचत नाही तिथेही तू आहेस. तू ज्यांना आमच्या आधी आशीर्वाद दिलास, त्यांचा आशीर्वाद आमच्या हातून हिरावला जाऊ नये. शेतात राबणाऱ्याला भाव दे, दर्यावर गेलेल्याला सुखरूप घरी आण, आणि जाळे कापण्याची घटका आली तर आम्हांला धैर्य दे. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.