स्वस्त सदऱ्याचे ऋण

बाजारात सदरा घेताना आपण कापड चाचपतो, किंमत पाडून मागतो. पण तो कोणी शिवला, त्या हातांना काय मिळाले, हे विचारतो काय? आज कापूस एका देशात पिकतो, शिवण दुसऱ्यात होते आणि अंगात घालणारा तिसऱ्यात असतो. याला जागतिकीकरण म्हणतात. याने गरिबाचे कल्याण होते की शोषण, हा आजचा विचार.

पूर्वपक्ष म्हणतो, कल्याणच होते. जागतिक बँकेच्या गणनेप्रमाणे १९९० साली जगातील दर तिघांत एकाहून अधिक माणूस अत्यंत दारिद्र्यात होता. २०१९ साली दर दहांत सुमारे एक उरला. बांगलादेशात लक्षावधी खेडवळ बायकांच्या हाती स्वतःची मजुरी आली. हे खोटे म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू ऐका. ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा या आठ मजली इमारतीत कपडे शिवण्याचे पाच कारखाने होते. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे दिसले. खालची बँक, दुकाने बंद झाली. शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले. न आल्यास पगार बुडेल असे धमकावल्याचे वाचलेल्यांनी सांगितले. सकाळीच इमारत कोसळली. १,१०० हून अधिक जीव गेले. तेव्हा तेथील शिवणकामाचे किमान वेतन महिना ३,००० टाका होते.

अहो, तडा बँकवाल्याला दिसला तसा शिवणारणीलाही दिसला. त्याला घरी राहता आले, तिला नाही. विषमता म्हणतात ती हीच! पोटाला मिळाले, पण 'नाही' म्हणण्याचे बळ मिळाले नाही.

दोष मालकाचा आहेच. परंतु शास्त्र करणाऱ्याबरोबर करविणारा आणि अनुमोदन देणारा यांनाही भागीदार धरते. दर पाडून मागणारा परदेशी व्यापारी हा करविणारा. स्वस्ताईवर खूष होणारे गिऱ्हाईक हे अनुमोदक.

मग तो कपडा टाकावा काय? छे! त्याने तिच्या ताटातला भातच जाईल. त्या अनर्थानंतर मे २०१३ मध्ये अनेक परदेशी कंपन्यांनी कामगार संघटनांशी कायद्याने बांधील करार केला; कारखाने तपासले जाऊ लागले. डिसेंबरात किमान वेतन ५,३०० टाका झाले. म्हणजे व्यापार न मोडताही अन्याय कमी करता येतो. मात्र जगाने जाब विचारावा लागतो, आणि तोही माणसे मरण्यापूर्वी.

नामदेवराय शिंपी होते. शिवणाऱ्याचे मोल आपल्याला वेगळे कोणी शिकवावे, असे नाही. सदरा स्वस्त मिळाला म्हणून हरखण्याआधी एवढे मनाला विचारावे: उरलेली किंमत कोणी भरली?